नियमात सोडलेली माया

प्रिय मम्मी,

पत्र तुझ्या शिवणयंत्रावर ठेवून मी कामावर निघतेय. त्या झिप बदलायच्या निळ्या कोटाखाली ठेवलंय, म्हणजे तू यंत्रावर बसून तो उचललास की तेच हाताला लागेल. एका घरात राहून आईला पत्र लिहितेय हे पप्पांना कळलं तर ते हसतील. काल रात्री जिन्यात मला म्हणाले, “तुम्ही दोघी तुमचं तुम्ही निपटा, मला मधे घालू नका. मी नुसता रोटली खायला इथे राहतो.” मी तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की माझा आवाज कापतो. कागदावर कापत नाही. म्हणून पाचला उठून आपल्या भाषेत लिहितेय. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तिथे शिक्षिका कोण होती ते आठव.

सरळ मुद्द्याचंच लिहिते, नाहीतर मी दोन पानं नुसती घाबरण्यात घालवीन. उद्या संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस. उद्या संध्याकाळी प्रतिक्रमण सुरू व्हायच्या आधी कमिटीचे सोमचंदकाका माझं नाव पुकारतील. मग मी सगळ्या संघासमोर उभं राहून ‘हेलीची अठ्ठाई माझ्या हातून मोडली, मिच्छामि दुक्कडं’ असं म्हणायचं. तू त्यांना शब्द दिलायस की चार्मी म्हणेल. मम्मी, मी म्हणणार नाही. नाही म्हटलं तर रविवारची पाठशाळा माझ्याकडून काढून घेतील, सोळाच्या सोळा मुलं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मंडळाच्या स्वयंपाकघरात तुझ्याकडे बायका कशा बघतील तेही मला दिसतंय. हे सगळं मोजून झालंय. मला ओळखतेस ना, गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. हे तर मी तीसदा बघितलंय. दर वेळी उत्तर तेच येतं.

बुधवारी काय झालं ते तुला प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं असेल. मी मिनिटामिनिटाने सांगते. आठ उपवासांच्या अठ्ठाईतला हेलीचा तो पाचवा उपवास होता. माझ्या वर्गातली बारा वर्षांची पोर, आणि पाच दिवस पोटात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. त्या दिवशी भगवानांच्या जन्माचं वाचन, त्यामुळे हॉल गच्च भरलेला, त्यांच्या आईला पडलेली चौदा स्वप्नं वरून उतरवली जात होती, मुलं ताटं वाजवत होती. सात वाजून अडतीस मिनिटांनी हेली माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली आणि मी तिला पाणहाराचा नियम, त्याचं पच्चक्खाण दिलं, म्हणजे आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. तिने नियम घेतल्याचं ‘वोसिरामि’ म्हटलं, पण जीभ टाळूला चिकटत होती. ते मी पाहिलं. सव्वाआठला ती चपलांच्या मांडणीपाशी भिंतीला टेकून बसलेली मला सापडली. नाव विचारलं तर नुसती बघत राहिली. नाडी मोजली, एकशे चाळीसच्या पुढे. मम्मी, मी औषधाच्या दुकानात उभी राहते, माझ्या पिशवीत मीठ-साखरेची पुडी कायम असते. तुझ्याच पातेल्यातल्या उकळलेल्या पाण्यात ती ढवळली आणि चमच्या-चमच्याने तिच्या तोंडात घातली. तेवढ्यात मणिबा आल्या. नातीला काय झालं हे विचारण्याआधी ओरडल्या, “पाणहार झालाय तिचा! थुंक, हेली, थुंक ते!” आणि ती मुलगी, जिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, ती थुंकायला लागली. मी तिचं तोंड माझ्या हाताने मिटून धरलं. होय, धरलं. हे मात्र कोणी वाढवून सांगितलेलं नाही.

रात्री तिला इस्पितळात सलाइन लावलं, काल सकाळी घरी सोडलं. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाऊन आले, हे तुला ठाऊक नाही. तिच्या आईने, बिजलभाभीने दार उघडलं. माझे दोन्ही हात धरले, आणि लगेच मागे वळून बघितलं की सासूबाईंनी पाहिलं तर नाही. हेली मुगाचं पाणी पीत होती. मी तिला विचारलं, “काल दुपारी शाळेत काय केलंस ग तू?” तर म्हणाली, “खेळाचा तास होता. धावले.” किती? मैदानाला चार फेऱ्या. मी म्हटलं, “बाईंना सांगायचं नाही, उपवास आहे म्हणून?” त्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच पाचवीत आहे. “चार्मीदीदी, सांगितलं असतं तर त्यांनी घरी फोन केला असता, मग समाजसेवावाले आले असते, मग दादीने मलाच धरलं असतं. फेऱ्या सोप्या होत्या.”

तेव्हा मला माझी शाळा आठवली. मी आठ वर्षांची असताना डब्याच्या बाईंना सांगितलं होतं की मला कांद्याची आणि बटाट्याची ॲलर्जी आहे. ते सोपं होतं, कोणी पुढे काही विचारत नसे. त्यांनी माझ्या नावापुढे लाल खूणही केली होती. तुला ते कळलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातली सुट्टी घेऊन तू शाळेत आलीस. साडीवर तो करडा कोट घातलेला. मी लाजेने मेले होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तू बाईंना सांगितलंस की हिला आजार नाही, हा आमचा धर्म आहे, ती लाल खूण पुसा. बाई म्हणाल्या, अहो, खूण राहू दे, त्यानेच सोपं पडतं. तू म्हणालीस, “सोपं नको. खरं लिहा.” घरी येताना बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नव्हते. आजही डिसेंबरात पावणेचारला, सूर्य मावळायच्या आत, मी दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडते आणि तिथला ग्रेगरी ओरडतो, “चार्मीची रात्र झाली रे!” तेव्हा मी त्याला ‘डाएट’ वगैरे सांगत नाही. म्हणते, हो, झाली, तुझी व्हायची आहे. हे तुझ्यामुळे जमतं.

तर मी हेलीपाशी बसले आणि तिची क्षमा मागितली. माझी चूक कोणती हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ती संघ म्हणतो ती नव्हे. तिचे सुकलेले ओठ बघूनही मी तिला पाणहार दिला, ही माझी चूक. का दिला? तर माझ्या वर्गातली ती पहिली अठ्ठाई होती, आणि लोक मला येऊन सांगत होते, “वा चार्मी, काय तयार केलंयस पोरीला!” ते मला गोड लागत होतं. त्या गोडीपायी माझी नजर आंधळी झाली. हे मी तिला असंच्या असं सांगितलं, तिच्या आईसमोर, आणि मिच्छामि दुक्कडं म्हटलं. तिने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, “ते ठीक आहे. पण माझी अठ्ठाई मोडली का?” मी म्हटलं, नाही. पूर्ण झाली नाही, पण मोडलीही नाही. आपण रोजचं पच्चक्खाण रोज घेतो, तुझे पाच उपवास झाले, ते झालेच, पाचव्यासकट. तिने विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, नक्की. “मग दादीला सांग ना,” ती म्हणाली, “ती माझ्याशी बोलत नाहीये. रविवारचं पारणं रद्द झालं म्हणून सगळ्यांना फोन करतेय आणि दर फोनला रडतेय.”

आता तूच सांग, उद्या उभी राहून मी ‘अठ्ठाई मोडली’ म्हटलं, तर ती मोडलेली कोणाची राहणार? माझं काय, मी दोन शब्द बोलून खाली बसेन. ती मुलगी मात्र पहिल्या रांगेत बसलेली असेल, आणि तिला कळेल की चार्मीदीदी परवा घरी एक बोलली आणि आज इथे दुसरं. जन्मभर लोक तिच्याकडे बोट करतील, अठ्ठाई मोडलेली ती हीच. लग्न ठरतानासुद्धा कोणीतरी आठवणीने तो विषय काढेल, आपल्या लोकांचं काही सांगता येत नाही.

हेच मी काल संध्याकाळी कमिटीपुढे सांगायला गेले होते. जाताना इतकी घाबरले होते की गाडी दोन जागांच्या मधोमध उभी केली. कमिटीतल्या पुष्पामासी बिचाऱ्या मला समजावत होत्या, “अगं, दोनच तर शब्द आहेत. त्या दिवशी सगळेच म्हणतात. माझ्या फोनवर तर आतापासूनच मेसेज यायला लागलेत, फुलंबिलं घालून. ज्यांना मी ओळखत नाही त्यांनीही माझी क्षमा मागितली आहे! तूही म्हणून टाक.” मासी, म्हटलं, ‘माझ्या हातून घडलेलं वाईट निष्फळ होवो’ असा त्याचा अर्थ आहे. आधी वाईट घडलेलं असावं लागतं. न घडलेल्याची क्षमा मागणं म्हणजे खोटं बोलणं, आणि तेही संवत्सरीला, भगवानांसमोर. सोमचंदकाका म्हणाले, “म्हणजे नियम मोडला नाही असं तुझं म्हणणं?” मी म्हटलं, नाही मोडला. पाणहाराच्या पच्चक्खाणातच शेवटी शब्द आहे, सव्वसमाहिवत्तियागारेणं. मी तो शब्द मोठ्याने, एकही अक्षर न गाळता म्हटला. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बघा! कॉव्हेंट्रीत जन्मलेली पोर आता आम्हाला पच्चक्खाण शिकवणार. पन्नास वर्षं म्हणतोय मी ते!” मी म्हटलं, म्हणताय काका, पण त्यात काय म्हणताय? माझ्या तोंडून ते इतकं पटकन बाहेर पडलं की मलाच धक्का बसला.  आणि तेवढ्यात तू उकाळ्याचा ट्रे घेऊन दारात आलीस.

तो शब्द मी कुठे शिकले ते आपल्या दोघींना माहीत आहे. मी सात वर्षांची, पाठशाळेत जायला अजून वेळ होता. तू स्वयंपाकघरात खाखरे भाजत होतीस, एका हातात खाखरा दाबायचा लाकडी ठोकळा आणि डोळे माझ्यावर. तो शब्द माझ्या तोंडात मावायचा नाही. तू त्याचे तुकडे करून दिलेस, सव्व, समाहि, वत्तिया, आगारेणं, आणि एकेक खाखरा होईपर्यंत एकेक तुकडा. मी विचारलं, एवढा लांब कशाला? तू म्हणालीस की माणूस तडफडायला लागला, मन ठिकाणावर राहिलं नाही, तर त्याला औषध देऊन शांत करायचं, म्हणून. आणि त्याने नियम मोडत नाही, कारण नियम घेतानाच ते बोलून ठेवलेलं असतं. मला समजलं नाही. तेव्हा तू तवा उतरवलास, माझ्या शाळेच्या फ्रॉकची कड उलटी केलीस आणि आतलं दुमडलेलं कापड दाखवलंस. “कपडा बेतताना आत माया सोडतो की नाही? पोर वाढली तर उसवून मोठा करता यावा म्हणून? बाहेरून दिसत नाही, पण ती नसली तर पहिल्यांदा वाकलं की टरकन फाटतं. नियमातही अशीच माया सोडलेली आहे. बांधणारे शहाणे होते.” तुला हे तुझ्या आईने, बाने सांगितलं होतं, गावी, जिला अक्षरसुद्धा वाचता येत नव्हतं. मी माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला फ्रॉकची, पँटची कड उलटी करायला लावून हे शिकवलंय. ज्यांना उद्या माझ्याकडून वर्ग काढून घ्यायचाय त्यांनी त्या सोळा मुलांना विचारून बघावं, त्या शब्दाचा अर्थ काय. एकही अडखळणार नाही. मग कमिटीतल्या सातांना विचारावं.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. वाटते. यंदा माझी एकासणी आहेत, दिवसातून एकदाच जेवते, तेही जेवण काल गेलं नाही. पण माझ्या भित्रेपणाचा एक फायदा आहे, मम्मी. चुकीची भीती मला इतकी वाटते की खोट्या चुकीवर सही करायचीही तेवढीच वाटते. हे लोक मला सांगतात की नव्या मुलांना धर्म नको, सगळं सोयीने हवं. सोयीचं तर उद्या ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून मोकळं होणं आहे! वर्ग राहील, सोमचंदकाका पाठीवर हात फिरवतील, रविवारी पुन्हा तेच. मला सोय नको आहे. मला तो धर्म हवाय जो मी शिकले. त्यांना हट्ट सोडवत नसेल तर नसू दे, मीही सोडणार नाही. वर्ग गेला तर मुलं आपल्या बैठकीच्या खोलीत बसतील. बिजलभाभीने कालच विचारलंय, रविवारी हेलीला किती वाजता आणू.

आता ते, जे मी शेवटासाठी ठेवलं, कारण आधी लिहिलं असतं तर बाकीचं लिहायची हिंमतच राहिली नसती. पप्पांना वाटतंय, अठ्ठाईवरून तू रागावली आहेस. तसं नाही, ते मला ठाऊक आहे. काल तू दारात उभी होतीस तेव्हा मी कमिटीला मायेचं सांगितलं. तुझ्याच शब्दांत, कापड बेतण्यापासून ते टरकन फाटण्यापर्यंत. कोणीतरी हसून म्हणालं, “ही पाठशाळा आहे की शिवणक्लास?” सगळे हसले. सोमचंदकाकांनी विचारलं, “हे ज्ञान कुठून मिळवलंस?” तू माझ्यापासून चार हातांवर होतीस, ट्रेमधले कप वाजायचे थांबले होते. आणि मी म्हटलं, “पुस्तकात वाचलं.” मम्मी, मला वाटलं, तुझं नाव घेतलं तर ते आणखी हसतील, ड्रायक्लीनरकडे झिपा बदलणारी नीमुबेन, तिने शिकवलं म्हणे! तुला हसण्यापासून वाचवतेय असं मी स्वतःला गाडीपर्यंत सांगत होते. पण ते खोटं आहे. मी मला वाचवलं. तू ट्रे ठेवलास, त्यांना म्हणालीस, “चार्मी संवत्सरीला म्हणेल,” आणि घरी पोचेपर्यंत मला एकच वाक्य बोललीस, “पुस्तकात माफीही लिहिलेली असेल, तीच वाच.” पर्युषणात मी एक खरं पाप केलं, आणि त्याचं नाव कमिटीच्या कागदावर नाही. ते मी इथे लिहितेय. जे तू मला दिलंस ते मी तुझ्यादेखत तुझं नाही म्हटलं. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं. उद्या माझं नाव पुकारलं की मी उभी राहीन. अठ्ठाईबद्दल क्षमा मागणार नाही, आणि का मागत नाही ते सांगेन. मग कोणी विचारो न विचारो, सगळ्या संघाला सांगेन की परवा मी इथे खोटं बोलले, आणि हे मला माझ्या आईने शिकवलं. आवाज कापेल. कापू दे. तू फक्त एवढं कर, त्या वेळी भांड्यांचं निमित्त काढून आत जाऊ नकोस. पुढे येऊन बस, आणि हसलं कोणी तर माझ्याकडे बघ, त्यांच्याकडे नको.

तुझ्याच हातची,
तुझीच
चार्मी